पाटीवर एकच नाव

आज स्थापत्य अभियंता झालेल्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले काहीजण थोडी वर्षं नोकरी करतील आणि मग स्वतःच्या नावाची पाटी लावतील : आर.सी.सी. कन्सल्टंट. एक टेबल, एक संगणक, सही-शिक्का. नातेवाईक कौतुकाने म्हणतील, ‘एकट्याने उभं केलं हो सगळं!’ मीही असाच एकटा कन्सल्टंट आहे, आणि हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं.

खडक किती खोल आहे हे मला बोअर घेऊन नमुने काढणारी माणसं सांगतात. त्यांच्या अहवालाशिवाय पाया कुठे टेकवायचा हे मला ठरवता येत नाही. सर्वेअर आखणी करतो. ड्राफ्ट्समन रात्री उशिरा निरोप पाठवतो, ‘सर, या बीमची खोली दोन शीटवर वेगवेगळी दिसतेय.’ काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब २८ दिवसांनी तोडून लॅब मला खरा आकडा कळवते. यांतलं कुणीही माझं पगारदार नाही.

आणि फिटर. कागदावर सळई म्हणजे नुसती रेघ. साइटवर मात्र चारी बाजूंनी बीम कॉलमला येऊन मिळतात तिथे सळयांची अशी दाटी होते की काँक्रीट आत उतरत नाही, व्हायब्रेटरची सुईही शिरत नाही. हे आधी दिसतं ते फिटरला. ‘साहेब, इथे माल जाणार नाही,’ असं तो म्हणाला, तर ओतकामाआधी सळयांची मांडणी बदलता येते. तो गप्प राहिला तर जोडाच्या पोटात पोकळी राहते, आणि गिलावा चढला की ती कुणाला दिसतही नाही. त्याने बोलावं असं वाटत असेल, तर मागच्या खेपेला बोलला तेव्हा तुम्ही त्याचं ऐकलेलं असायला हवं. दिवाळीला मिठाईचा पुडा दिला की आभार मानून झाले, असं आपल्याकडे समजतात. फिटरला पुड्यापेक्षा ते ऐकून घेणं जास्त लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट नावाची. मुंबईची कांचनजंगा इमारत चार्ल्स कोरियांची म्हणून सगळे ओळखतात, आणि ते योग्यच आहे. पण कोपऱ्यांत दोन-दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरूनही ती उभी राहिली ती शिरीष पटेल यांच्या स्ट्रक्चरल डिझाइनवर. हे नाव इथल्या किती जणांना ठाऊक आहे? नव्या मुंबईची कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात आली, तेव्हा मात्र ती कोरिया, प्रवीणा मेहता आणि पटेल अशा तिघांच्या नावाची होती. तुमच्या ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये रेखाटन कुणी केलं आणि तपासलं कुणी, यासाठी जागा असते. तिथे नुसती आद्याक्षरं टाकू नका, पूर्ण नाव लिहा.

आता पैशाबद्दल, कारण त्याशिवायची कृतज्ञता मला फारशी पटत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं फार तर ४५ दिवसांत चुकती करावीत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बिल्डरने बिल अडकवलं की आम्ही सगळे कन्सल्टंट हा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवतो. घरून काम करणाऱ्या ड्राफ्ट्समननेही सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असू शकते, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. ‘मला मिळाले की तुला देतो,’ हे आमच्या धंद्यातलं सर्वांत मोठ्या लबाडीचं वाक्य आहे. ग्राहक निवडताना जोखीम तुम्ही घेतलेली असते, ड्राफ्ट्समनने नाही.

म्हणून पाटी लावण्याआधी थोडी शिल्लक बाजूला काढा. ग्राहकाचा चेक येवो न येवो, ड्रॉइंग हातात पडलं की त्या आठवड्यात ड्राफ्ट्समनचे पैसे त्याच्या खात्यात जमा करा.