जुने नलिका-ध्वनिवर्धक : पारख आणि वापर

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भातकापणीनंतर तारपा घुमूं लागतो, तेव्हां त्यास विजेची गरज नसते. वाळलेल्या भोपळ्यांत वादकाची फुंक कोंडते, बांबूच्या नळ्यांतून ती स्वर होऊन निघते आणि ताडाच्या पानांचा कर्णा तो स्वर दूरवर नेतो. वाद्य आणि ध्वनिवर्धक येथें एकच. विद्युत्-गिटारचें तसें नाहीं. तिच्या तारेखालील चुंबकीय वेटोळें केवळ एक क्षीण विद्युत्-लहर उत्पन्न करतें. तिला कंठ देतो तो ध्वनिवर्धक. तो अर्धें वाद्यच होय.

१९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढें त्यानें निर्वात नलिकेची, म्हणजे व्हॉल्व्हची, जागा घेतली. गिटारवादकांनीं मात्र नलिका सोडली नाहीं. तिच्यावर शक्तीपलीकडे भार टाकला तरी स्वरलहरींचीं शिखरें एकदम तुटत नाहींत. तीं हळूहळू बोथट होतात आणि घोगरी गोडी येते. म्हणूनच फेंडर, व्हॉक्स अशा नांवांच्या जुन्या यंत्रांस मोठी किंमत पडते. परंतु मांडवांतला जुना ध्वनिवर्धक, चित्रपट-प्रक्षेपकाचा ध्वनिभाग, माळ्यावरचा रेडिओ, यांच्याहि पोटांत त्याच जातीच्या नलिका सांपडतात. व्हॉक्सच्या यंत्रांतील ईएल-८४ ही नलिका अनेक घरगुती रेडिओंतहि असे.

अशीं यंत्रें पारखतांना नांवापेक्षां ट्रान्सफॉर्मर पाहावा. नलिका आजहि रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें बनतात. जळालेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचा जोड मात्र सहजीं मिळत नाहीं. कांहीं रेडिओंत तर घरची वीज वेगळी ठेवणारा ट्रान्सफॉर्मर मुळींच नसतो. ते दोन्ही प्रकारच्या प्रवाहांवर चालावेत म्हणून विजेची एक तार थेट लोखंडी सांगाड्यास जोडलेली असे. तेथें गिटार जोडली तर तिच्या तारांत, आणि म्हणून वादकाच्या बोटांत, २३० व्होल्टची वीज उतरूं शकते. असें यंत्र फुकट मिळालें तरी गिटारसाठीं घेऊं नये.

डहाणूच्या किनाऱ्यावर खारी हवा खटके व नलिकांच्या बैठका गंजविते. पावसाळी ओल लाउडस्पीकरचा कागदी पडदा कुजविते. वर्षानुवर्षें पडून राहिलेले कंडेन्सर सुकतात वा गळूं लागतात. याकरितां यंत्र घरीं आणतांच खटका दाबूं नये. जाणता कारागीर प्रथम १०० वॉटचा तारेचा दिवा मालिकेंत जोडतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; पूर्ण तेजानें जळतच राहिला तर आंत दोष आहे. यंत्र बंद केल्यावरहि कंडेन्सरांत शेंकडों व्होल्ट टिकून राहतात, म्हणून अनभिज्ञानें पेटी उघडूं नये. तीन तारांची दोरी आणि खरें अर्थिंग अवश्य असावें. लाउडस्पीकर जोडल्यावांचून यंत्र कधींहि चालूं करूं नये; त्यानें ट्रान्सफॉर्मर निकामी होऊं शकतो.

तात्पर्य, सौदा करतांना कारागिराची मजुरी, नवे कंडेन्सर आणि अर्थिंग यांचा खर्च आधींच किमतींत धरावा. तो धरूनहि यंत्र परवडत असेल, तर एखादी विस्मृत पेटी माळ्यावरून उतरून पुन्हा गाऊं लागेल. तो खर्च टाळणाराच्या हातीं मात्र गिटार देऊं नये.