वाचवलेलं मूत्रपिंड



आठवीत बाईंनी फळ्यावर मूत्रपिंड काढलं होतं. मी तेव्हा मागच्या बाकावर डबा खात होते. दोन वर्षांपूर्वी तोच आकार सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसला. पित्ताशयातले खडे शोधताना उजव्या मूत्रपिंडात 3 सेंटिमीटरची गाठ सापडली. दुखत काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, दुसरं आहे ना? हे काढूनच टाका." इंजिनिअरचा बॅकअपवर फार भरवसा! ते म्हणाले, "चांगला भाग का फेकायचा? पुढे मधुमेह, रक्तदाब मागे लागला तर तोच कामी येईल."

पोटावरच्या चार छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. रक्तस्राव होऊ नये म्हणून धमनीला चिमटा लावायचा, गाठ कापायची, टाके घालायचे, चिमटा सोडायचा. हे सारं साधारण अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर वाचवायच्या भागालाच इजा. गाठ कर्करोगाची निघाली, पण पूर्ण निघाली.

तपासण्या अजून चालू आहेत. माझ्यासारखी गाठ योगायोगानं सापडेलच असं नाही. लघवीत रक्त दिसलं, तर एकदाच दिसलं म्हणून अंगावर काढू नका.

आणि बाई, आता ती आकृती मला न बघता काढता येते.