सल्लागार अभियंत्याचा विमा

माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध अभियंते होते. पूल, पाण्याच्या टाक्या, गोदामे अशी कामे त्यांनी चाळीस वर्षे केली. विम्याचा एजंट दारी आला की ते त्याला चहा पाजीत आणि सांगत, "अहो, माझी सही हाच माझा विमा." त्या उत्तरात अहंकार नव्हता, आपल्या गणितावरचा विश्वास होता. त्यांचा एकही पूल पडला नाही, हेही खरेच. तरीसुद्धा ते उत्तर मला पटत नसे, आणि का पटत नसे तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

सल्लागार अभियंता वीट विकीत नाही, सिमेंट विकीत नाही. तो नकाशा विकतो, हिशेब विकतो आणि त्याखालची सही विकतो. कागद काही कोणाच्या डोक्यावर कोसळत नाही. म्हणून कित्येक सल्लागारांची अशी समजूत असते की विमा काढावा तो कंत्राटदाराने. आपल्याला त्याचे काय प्रयोजन? आणि ज्यांना प्रयोजन पटते, ते बहुधा सर्वसाधारण दायित्वाचा विमा घेऊन निश्चिंत होतात. या विम्याला आपल्याकडे 'पब्लिक लायबिलिटी' असेही म्हणतात. घोटाळा होतो तो येथेच. 'सर्वसाधारण' या शब्दात सारे काही आले, असे आपण धरून चालतो.

वस्तुतः या विम्याची हद्द पुष्कळ आखूड असते. सल्लागाराच्या कचेरीच्या जिन्यावरून आलेला पाहुणा घसरून पडला, साइटवर मोजणी करताना सहायकाच्या हातचे उपकरण खालच्या माणसावर पडले, शेजाऱ्याच्या मालमत्तेची मोडतोड झाली, तर भरपाई या विम्यातून मिळते. परंतु तुळईच्या हिशेबात चूक झाली आणि छत खाली आले, तर? अशा विमापत्रात बहुधा एक अपवाद लिहिलेला असतो: व्यावसायिक सल्ल्यातून उद्भवलेली हानी यात धरलेली नाही. तिच्यासाठी निराळा विमा असतो. त्याला 'प्रोफेशनल इंडेम्निटी' म्हणतात. म्हणजे अभियंत्याला ज्याची रात्री झोप लागू नये, तीच गोष्ट सर्वसाधारण विम्याच्या बाहेर राहते. (भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला खरा, पण त्यातली सक्ती घातक द्रव्ये हाताळणाऱ्यांवर आहे, नकाशे काढणाऱ्यांवर नाही.)

ही चूक किती लहान असू शकते, हे एका उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेत मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरी हयात रीजन्सी नावाचे हॉटेल १९८० साली सुरू झाले. त्याच्या भव्य दालनात छतापासून सळयांनी टांगलेले पादचारी मार्ग होते; चौथ्या मजल्याचा वर, दुसऱ्या मजल्याचा त्याच्याच बरोबर खाली. मूळ कल्पना अशी होती की एकच लांब सळई वरून खालपर्यंत यावी आणि दोन्ही मार्ग तिला स्वतंत्रपणे लटकावेत. पोलादी काम करणाऱ्यांना ते गैरसोयीचे वाटले. त्यांनी सळईचे दोन तुकडे सुचविले. खालचा मार्ग आता वरच्या मार्गाच्या तुळईला टांगला गेला. एका दोरीला दोन माणसे लटकलेली असावीत, आणि खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसा हा प्रकार. वरच्या तुळईखालच्या नटावरचा भार दुप्पट झाला. नकाशावर अभियंत्याचा शिक्का होता. तो बदल कोणी पुन्हा मोजून पाहिला नाही. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असताना, दोन्ही मार्ग कोसळले. ११४ माणसे गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. पुढे संबंधित अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. भरपाईचा आकडा दहा कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. सल्लागाराचे घरदार विकून ही रक्कम उभी राहिली असती काय?

माझे म्हणणे या प्रश्नातच आहे. विम्याचा विचार आपण नेहमी अभियंत्याच्या बाजूने करतो. त्याची बचत वाचावी, त्याची कचेरी टिकावी म्हणून. पण त्या दालनात नाचणाऱ्या माणसाने अभियंत्याशी कोणताही करार केलेला नव्हता. त्याने नकाशा पाहिला नव्हता, मानधन ठरविले नव्हते. सही निष्कांचन माणसाची असेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा हाती घेऊन त्याच्या विधवेने जावे कोठे? माझ्या त्या वृद्ध स्नेह्यांची सही त्यांच्या अब्रूची हमी देत होती. जखमी माणसाच्या इस्पितळाचे बिल ती भरू शकत नव्हती.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी कोसळला. त्याची तपासणी आधी झालेली होती आणि तो वापरण्यास योग्य ठरविला गेला होता. नंतर तपासणी करणाऱ्या सल्लागाराला अटक झाली. आता मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने करावी लागते. अशा दाखल्यावर सही करणारे कित्येक जण एकट्याने काम करणारे असतात. मानधन थोडे, आणि सहीखाली शेकडो संसार.

विम्याने माणूस बेफिकीर होतो, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु तुरुंगवासाचा विमा कोणी उतरवीत नाही, परवाना गेल्याचाही नाही, आणि जाणूनबुजून केलेल्या कृत्याची भरपाई कोणतीही कंपनी देत नाही. शिवाय प्रत्येक दाव्यातील पहिली काही रक्कम स्वतःच्याच खिशातून भरावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विमा आहे असे कळताच चूक कोणाचीही असो, दावा सल्लागारावरच येतो. हे होते. त्यावर उपाय करारातच करावा लागतो. दायित्वाची मर्यादा तेथे स्पष्ट लिहून घ्यावी. मात्र तशी मर्यादा ग्राहकावर बंधनकारक होते, रस्त्यावरच्या त्रयस्थावर नव्हे.

फ्रान्सने हा प्रश्न व्यक्तीच्या मर्जीवर ठेवला नाही. तेथे बांधकामातील गंभीर दोषांची जबाबदारी दहा वर्षे राहते, आणि १९७८ च्या कायद्याने तिचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली. सल्लागाराला मात्र विमा घेण्यास भाग पाडतो तो बहुधा ग्राहकाचा करारच. जागतिक बँकेच्या सल्लागार-करारांच्या नमुन्यात त्रयस्थांविषयीचा विमा आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा ही दोन वेगळी कलमे आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तेव्हा सल्लागाराने सर्वसाधारण विमा घ्यावा काय? अवश्य घ्यावा, तो साइटवर जातो, त्याच्या कचेरीत माणसे येतात. परंतु दोहोंपैकी एकाचाच हप्ता परवडत असेल, तर व्यावसायिक विमा आधी घ्यावा. आणि तो घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. हा विमा सामान्यतः दावा ज्या वर्षी दाखल होतो त्या वर्षीच्या विमापत्रावर चालतो, चूक ज्या वर्षी झाली त्या वर्षीच्या नव्हे. अभियंता साठाव्या वर्षी निवृत्त होतो, हप्ता भरणे थांबवितो. त्याने पन्नाशीत आखलेली इमारत तेव्हा जेमतेम दहा वर्षांची असते, आणि तिच्यात माणसे राहत असतात.