एका तारखेने बदललेली पेन्शन

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत दोन गुरुजी एकच वर्ग, एकच पगारश्रेणी सांभाळतात. एकजण ऑक्टोबर 2005 मध्ये रुजू झालेला, दुसरा नोव्हेंबरमध्ये. पहिल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. दुसऱ्याच्या पगारातून मात्र दरमहा 10 टक्के कापले जाऊ लागले आणि पुढची रक्कम बाजारावर अवलंबून राहिली. कारण महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन योजना बंद केली.

सरकारची अडचण खरी आहे. माणसं दीर्घायुषी झाली, पेन्शनचा भार तिजोरीवर वाढला. पण भाराची वाटणी रुजू होण्याच्या तारखेवर का ठरावी? सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे.

जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी मार्च 2023 मध्ये कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप झाला. नाशिकचे कर्मचारीही त्यात उतरले. पुढे 2024 मध्ये काही दारं उघडली. भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण नेमणूक नंतरची, अशांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ते योग्यच झालं. भरतीतला उशीर उमेदवाराचा नव्हता. इतरांसाठी निम्म्या वेतनाइतक्या पेन्शनची सुधारित योजना आली, पण त्यात कर्मचाऱ्याची 10 टक्के कपात सुरूच राहते. जुन्या योजनेत पेन्शनसाठी अशी कपात नव्हती. शिक्षक संघटनांचा आक्षेप नेमका इथे आहे, आणि मला तो रास्त वाटतो.