जुन्या टाक्यांजवळची नवी गाठ

अपेंडिक्सचे, हर्नियाचे किंवा सिझेरियनचे ऑपरेशन होऊन दहा-पंधरा वर्षे झालेली असतात. टाक्यांची खूण आपण विसरूनही जातो आणि एके दिवशी तिथेच हाताला गाठ लागते. लोह्याकडून येणारे रुग्ण मला सांगतात, "डॉक्टरसाहेब, आतला टाका वर आला असेल." पुष्कळदा तसेच असते. कधी टाक्याभोवती गाठ धरते, कधी हर्निया पुन्हा उतरतो. सिझेरियनच्या व्रणातली गाठ पाळीच्या दिवसांत दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तिथे रुजलेल्या असू शकतात. हा कर्करोग नव्हे.

क्वचित मात्र ती गाठ सारकोमाची, म्हणजे स्नायू, चरबी यांसारख्या मऊ भागांच्या कर्करोगाची निघते. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत असा जेमतेम एखादा. विरळ म्हणून तो चटकन लक्षात येत नाही. त्यातून बरेचदा तो दुखतही नाही. मग पेरणी होऊ द्या, माळेगावची यात्रा होऊ द्या, असे म्हणता म्हणता महिने जातात.

गाठ वाढत असेल, पाच सेंटीमीटरहून म्हणजे चांगल्या लिंबाहून मोठी असेल, खोल असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर तपासणी हवीच. भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली, तर तीही दाखवावी. तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

अशा वेळी "एवढीशी तर आहे, काढून टाका" असा आग्रह धरू नका. आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा घेऊन तपासणी, आणि त्यानंतर ऑपरेशन, हा क्रम आहे. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीती अनेकांना वाटते. खरा धोका निदानाआधी गाठ कापण्यात आहे. पेशी जखमेत राहतात, दुसरे ऑपरेशन मोठे करावे लागते, कधी हातापायावर बेतते. सुई कुठून घालायची, हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवावे, कारण सुईची वाटही गाठीबरोबर काढावी लागते.

सुरुवात नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येते. पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईचे 1941 पासूनचे टाटा रुग्णालय आहे.

आणि काढलेली गाठ, कितीही साधी दिसो, पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा. तो कागद शेताच्या सातबाऱ्यासारखा जपून ठेवा. पुन्हा गाठ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.