विहिरीवरचीं घरटीं

शिक्षणासाठीं मी दोन वर्षें बर्लिनला होतों. वसंतांत पहांटे काळा, पिवळ्या चोंचीचा कस्तूर गाऊं लागला, कीं मी खिडकीशीं टिपणें घेत बसें.

त्याच शहरीं १९२९ सालीं सलीम अली हे एर्विन स्ट्रेझमान यांच्याजवळ पक्षिशास्त्र शिकावयास गेले होते. १९३० मध्यें परतल्यावर हाताला नोकरी नव्हती. तेव्हां अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनीं सुगरणींचें निरीक्षण केलें. घरटें विणतो नर. तें अर्धें झालें कीं मादी येऊन पारखते. पसंत पडलें तर तेथें संसार थाटते, आणि नर दुसऱ्या घरट्यास लागतो.

हें वाचून मीं मोठ्या ऐटीनें निमगाव सावा येथें आजीस कळविलें. तिनें शेजारच्या मुलाकडून उत्तर लिहविलें : “अरे, आपल्या विहिरीवरच्या बाभळीला दर पावसाळ्यांत हेंच चालतें. तूं कधीं वर पाहिलेंस का?”

मी परतलों, तेव्हां विहीर होती, बाभूळ होती; आजी नव्हती. आतां आषाढांत मी तेथें बसतों. पाहावयाची संवय मला परदेशानें लावली. परंतु जिच्याजवळ बसून पाहावयाचें, ती जागा रिकामीच राहिली.