भागधारक नोकराचे हक्क

ज्या कंपनीकडून महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार घ्यावयाचा, त्याच कंपनीचे चार भाग पदरी असले म्हणजे नोकराच्या मनाला एक निराळेच समाधान लाभते. आपण नुसते चाकर नाही, धन्याच्या वाड्यात आपलाही एखादा खण आहे, असे त्याला वाटू लागते. ही भावना खोटी नाही. पण ती पुरेशी नेमकीही नाही. पगार मनुष्याला त्याच्या श्रमाबद्दल मिळतो आणि लाभांश त्याच्या पैशाबद्दल. दोन्ही रकमा अखेर एकाच बँकखात्यात जमा होत असल्या, तरी ज्या दोन नात्यांतून त्या येतात त्यांची सरमिसळ कायदा होऊ देत नाही. भागधारक नोकराचे हक्क कोणते, आणि कोणते नव्हेत, हे बहुतांशी ह्याच भेदावर अवलंबून असते.

ह्या भेदाचे सुबोध उदाहरण न्यूझीलंडमधील एका खटल्यात सापडते. ली नावाच्या वैमानिकाने १९५४ साली विमानातून शेतांवर खत पसरण्याचे काम करणारी एक कंपनी काढली. भाग एकंदर ३,०००. त्यांपैकी २,९९९ खुद्द त्याचे. संचालक तोच आणि पगारी मुख्य वैमानिकही तोच. १९५६ साली काम करीत असता विमान कोसळून त्याचा अंत झाला. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली त्याच्या पत्नीने भरपाई मागितली, तेव्हा प्रतिपक्षाने विचारले की, जो स्वतःच जवळजवळ सगळी कंपनी, तो स्वतःचाच नोकर कसा? तेथील अपील न्यायालयाला हा युक्तिवाद पटला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला मात्र १९६० साली तो पटला नाही. कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे, तिच्याशी नोकरीचा करार करणारा मनुष्य दुसरा आहे, आणि त्याच्या हाती भाग किती आहेत याने त्या कराराला बाध येत नाही, असा निर्णय झाला. एक सोडून सगळे भाग बाळगणाऱ्याचे नोकरपण जर बुडाले नाही, तर शंभर-दोनशे भागांच्या धनी असलेल्या कारकुनाचे किंवा जोडाऱ्याचे ते बुडण्याचे कारणच नाही. आता तुम्हीही मालक झालात, तेव्हा पगारवाढीची मागणी शोभत नाही, असे कोणी गोड शब्दांत सुचविले तर त्या सूचनेला कायद्याचा आधार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नोकरी गेली म्हणून भाग जात नाहीत. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात खाजगी कंपनीच्या सभासदांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली आहे. पण ही मोजदाद करताना नोकरीत असलेले सभासद, तसेच नोकरीत असताना सभासद झालेले आणि नोकरी सुटल्यावरही सभासद राहिलेले लोक वगळावेत, असे तेथेच म्हटले आहे. नोकरी सोडून गेलेला मनुष्य भागधारक म्हणून राहू शकतो, हे कायद्याने गृहीतच धरले आहे. मात्र खाजगी कंपनीच्या नियमावलीत भागांच्या हस्तांतरावर निर्बंध असतात, आणि नोकरी सोडणाऱ्याने आपले भाग ठराविक रीतीने परत विकावेत अशी अट योजनेत किंवा करारात घातलेली आढळते. ती अट सही करण्यापूर्वी वाचावयाची असते; पुष्कळजण ती राजीनाम्याच्या दिवशी वाचतात.

येथे एका फार मोठ्या गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. कंपनीने ‘भाग दिले’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा अनेकदा भाग दिलेले नसतात; भाग घेण्याचा विकल्प दिलेला असतो. कचेऱ्यांतून ‘ईसॉप’ या आद्याक्षरी नावाने जे ओळखले जाते ते हेच. पुढे अमुक काळानंतर, ठरलेल्या किमतीस, इतके भाग विकत घेण्याची ती मुभा होय. विकल्प हाती आल्यापासून तो पक्का होईपर्यंत निदान एक वर्ष जावे लागते. पक्का झाल्यावर पैसे भरून तो वापरावा लागतो, आणि मगच भाग नावावर चढतात. तोपर्यंत त्या मनुष्यास ना लाभांश, ना मत, ना सभेचे निमंत्रण. विकल्प दुसऱ्यास विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही.

मग विकल्पधारकास काहीच हक्क नाहीत काय? आहेत, आणि ते थोडे नाहीत. अशी योजना भागधारकांच्या ठरावाशिवाय अंमलात आणता येत नाही. नोंदणीकृत कंपनीत तर त्यासाठी तीन-चतुर्थांश बहुमताचा विशेष ठराव लागतो. एकदा दिलेल्या विकल्पांच्या अटी पुढे बदलावयाच्या तर तो बदल विकल्पधारकांच्या हितास बाधक असता कामा नये. विकल्पधारक नोकरीत असता मरण पावला, तर त्याला तोवर दिलेले सगळे विकल्प, पक्के झालेले असोत वा नसोत, त्याच्या वारसांकडे जातात. काम करताना कायमचे अपंगत्व आले तर ते त्याच दिवशी पक्के होतात. राजीनाम्याची गोष्ट निराळी. त्या दिवशी जे पक्के झालेले नाहीत ते संपतात, आणि जे पक्के झाले आहेत ते योजनेत नेमून दिलेल्या मुदतीत वापरावे लागतात. ही मुदत काही ठिकाणी फार थोडी असते. घरच्यांना ह्या कागदांची माहिती नसल्यामुळे वारसांचा हक्क नुसता पडून राहतो, हेही घडते.

कराचा विचार तर बहुतेकांना उशिरा सुचतो. विकल्पाची किंमत शंभर रुपये आणि तो वापरण्याच्या दिवशीचा रास्त भाव चारशे असेल, तर मधले तीनशे रुपये पगारातच गणले जातात आणि त्यांवर प्राप्तिकर बसतो. भाग विकलेला नसतो, हातात रोकड आलेली नसते, तरीही. काही मान्यताप्राप्त नवोद्योगांतील नोकरांना २०२० पासून हा कर पुढे ढकलण्याची सवलत मिळाली; इतरांना ती नाही. पुढे भाव शंभराच्या खाली घसरला तरी भरलेला कर तेवढ्याने परत मिळत नाही.

सवलतीच्या भावाने मिळालेला भाग म्हणजे हमखास नफा, ही समजूतही अशीच. भारतीय आयुर्विमा महामंडळाने मे २०२२ मध्ये आपले भाग विक्रीस काढले तेव्हा भाव ९४९ रुपये ठरला. महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना ४५ रुपयांची सूट मिळून तो ९०४ पडला. १७ मे रोजी मुंबईच्या शेअरबाजारात व्यवहार सुरू झाला तो सुमारे ८६७ रुपयांनी.

भाग एकदा नावावर चढला, की मग नोकर आणि परका यांत कायदा भेद करीत नाही. सर्वसाधारण सभेची एकवीस दिवसांची सूचना, सभेपूर्वी जमाखर्चाची प्रत, भागांच्या प्रमाणात मत, स्वतः न जाता प्रतिनिधी पाठविण्याची सोय, सभेची इतिवृत्ते आणि सभासदांची नोंदवही पाहण्याची मुभा, हे सर्व त्याचे होते. सभेत उभे राहून प्रश्न विचारणेही त्यात आले. खानदेशात अमळनेर येथे १९४५ साली निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची हकीकत ह्या संदर्भात आठवण्यासारखी आहे. पुढे विप्रो म्हणून नावारूपास आलेली कंपनी ती हीच. गावातील अनेक घरांनी तिचे भाग पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले. १९६६ साली संस्थापक वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. त्यांच्या पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभे राहून, हा कारभार तुम्हांस झेपणार नाही, आपले भाग विकून मोकळे व्हा, अशा अर्थाचे भर सभेत सुनावले, हे खुद्द प्रेमजींनी नंतर सांगितलेले आहे.

असा प्रश्न पगारी नोकर विचारील काय? कायद्याने त्याला मुभा आहे. पण सभा संपल्यावर उद्या सकाळी त्याच व्यासपीठावरील मंडळींच्या हाताखाली त्याला हजेरी लावावयाची असते. भागधारक नोकराच्या हक्कांची खरी अडचण कलमांत नाही, ती येथे आहे. विद्युत् साधनांनी दूरवरून मत नोंदविण्याची जी पद्धत नोंदणीकृत व मोठ्या कंपन्यांना सक्तीची झाली, तिच्यामुळे निदान साहेबांच्या डोळ्यांसमोर हात वर करण्याचा प्रसंग टळतो. दुसरा उपाय एकजुटीचा. शंभर सभासद, किंवा एकूण सभासदांचा दशांश, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके जण एकत्र आले, अथवा भागभांडवलाचा दशांश ज्यांच्या हाती आहे असे लोक मिळाले, तर कंपनीच्या जुलमी वा गैर कारभाराविरुद्ध त्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ह्या दारी बढतीची किंवा बडतर्फीची तक्रार मात्र चालत नाही. ती नोकर म्हणून करावयाची, आणि तिचे न्यायालय वेगळे. हेही ध्यानात ठेवावयास हवे की, नोंदणीकृत कंपनीच्या योजनेत जे भाग विश्वस्तांच्या नावे पडून असतात त्यांवर विश्वस्तांना मत देता येत नाही.

एका बाबतीत नोकराचा हक्क परक्या भागधारकाहून कमी आहे. कंपनीच्या आतल्या गोष्टी ज्यांना कळतात अशा नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन अठ्ठेचाळीस तास उलटेपर्यंत आपले भाग विकता वा नवे घेता येत नाहीत. त्या काळात विकल्प वापरता येतो. पण त्यातून आलेला भाग विकता येत नाही. बंधन न्याय्यच आहे, कारण आतली बातमी हा दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याचा मार्ग असतो.

पण तेच बंधन मालकाच्या सोयीने वापरले गेले तर काय होते, हे एन्‌रॉनने दाखविले. गुहागर तालुक्यातील वीजप्रकल्पामुळे हे अमेरिकन नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले होते. त्या कंपनीच्या नोकरांच्या निवृत्तिखात्यांतील निम्म्याहून अधिक पुंजी एन्‌रॉनच्याच भागांत होती. कंपनीने आपल्या हिश्शाचे म्हणून दिलेले भाग पन्नाशी उलटल्याखेरीज विकण्यास मनाई होती. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरच्या आसपास असलेला भाव २००१ अखेर एका डॉलरच्या आत आला. पडझड ऐन भरात असता खात्यांची व्यवस्था बदलण्यासाठी काही आठवडे सगळे व्यवहार गोठविण्यात आले. वरिष्ठांनी आपले भाग आधीच विकले होते. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि हजारो माणसांची नोकरी व म्हातारपणची शिदोरी एकदमच गेली. पुढे २००६ साली अमेरिकेत कायदा होऊन, स्वतःच्या पैशाने घेतलेले भाग केव्हाही, आणि मालकाने दिलेले तीन वर्षांच्या नोकरीनंतर, विकून पैसा अन्यत्र गुंतविण्याचा हक्क नोकरांना मिळाला.

आपल्याकडे कंपनी मोडीत निघाली तर हाच मनुष्य दोन रांगांत उभा राहतो. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे कामगारांचे शेवटच्या चोवीस महिन्यांचे येणे तारणधारक सावकारांच्या बरोबरीने, अगदी वरच्या पायरीवर येते. इतर नोकरांचे बारा महिन्यांचे त्याच्या खालोखाल. सामान्य भागधारक सर्वांच्या शेवटी. पहिल्या रांगेत काही मिळण्याची आशा असते. दुसरीपर्यंत पैसा पोचेल असे सहसा होत नाही.

निवृत्त होऊन गावी परतलेल्या भागधारकांच्या बाबतीत एक साधी गोष्ट नेहमी राहून जाते. नोकरीत असताना दिलेला पत्ता आणि बँकखाते तेच राहते, लाभांश येईनासा होतो, आणि वारसदाराचे नाव नोंदविलेले नसते. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर तो लाभांश आणि त्यासोबत मूळ भागही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते परत मागता येतात; अर्ज करावा लागतो, कागदपत्रे जोडावी लागतात, आणि कंपनीकडून पडताळणी व्हावी लागते.